औषधदान, बाजार आणि सरकार
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मला बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मी डॉक्टर नाही आणि धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. आयुष्यभर महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले, एवढीच माझी पात्रता. तरीही आरोग्यसेवेवर मीच बोलावे असा आग्रह कार्यवाहांनी धरला, त्यामागे एक कारण आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत आपल्या धर्मार्थ दवाखान्याच्या भवितव्याविषयी दोन सूचना पुढे आल्या. दोन्ही सूचना मांडणारे समाजाचे हितचिंतकच आहेत.

पहिली सूचना अशी की, दवाखान्याची जागा आता भर बाजारपेठेत आली आहे. ती एखाद्या खासगी रुग्णालय कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यावी. गावाला आधुनिक रुग्णालय मिळेल आणि भाड्याच्या उत्पन्नातून शिष्यवृत्त्या देता येतील. दुसरी सूचना अशी की, शासनाच्या आरोग्य योजना आता सर्वांसाठी आल्या आहेत. पाच लाखांचे कार्ड हातात असताना दहा रुपयांच्या केसपेपरवर चालणारा दवाखाना कोणासाठी ठेवायचा? तो सन्मानाने बंद करावा आणि निधी अन्य कार्याकडे वळवावा.

बारकाईने पाहिले तर पहिली सूचना म्हणते, हे काम बाजार करील. दुसरी म्हणते, हे काम सरकार करील. म्हणजे आपल्या छोट्या दवाखान्याच्या निमित्ताने जगभर शंभर वर्षे चाललेला वाद आपल्या सभागृहात येऊन उभा राहिला आहे. त्या वादात दोन्ही बाजूंचे खरे काय आणि अपुरे काय, हे आधी पाहू आणि मग आपल्या दवाखान्याकडे वळू.

आरंभी स्वतःचा एक अनुभव सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रात्री माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली. आम्ही त्यांना गाडीत घालून मोठ्या शहरातील एका खासगी रुग्णालयात नेले. काउंटरवर अनामत रक्कम भरायला सांगितली, ती भरली. कागद पुढे आले, त्यांवर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी सांगण्यात आले की, दोन रक्तवाहिन्यांत अडथळा आहे, दोन स्टेंट बसवावे लागतील, तासाभरात निर्णय कळवा. तीस वर्षे फळ्यावर मागणी-पुरवठ्याचे वक्र काढणारा मी, त्या दिवशी भावही विचारला नाही. भाव विचारणे म्हणजे वडिलांच्या जिवाची किंमत करणे, असे वाटले. आणि विचारला असता तरी तो भाव वाजवी आहे की नाही, हे मला कसे कळणार होते?

त्या तासाभरात मी एक फोन केला, आपल्या दवाखान्यात दुपारी दोन तास बसणाऱ्या वृद्ध डॉक्टरांना. ते आज हयात नाहीत. त्यांनी रिपोर्ट वाचून दाखवायला सांगितले. शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "पहिल्या वाहिनीचे काम करून घ्या, त्यात अजिबात वेळ घालवू नका. दुसरीचा अडथळा थोडा दिसतो. औषधांवर राहता येईल का, एवढे त्यांना नम्रपणे विचारा." मी विचारले. तेथील डॉक्टरांनी पुन्हा पाहिले आणि राहता येईल म्हणाले. एकच स्टेंट बसला. वडील त्यानंतर अकरा वर्षे जगले.

त्या रुग्णालयाला मी दोष देत नाही. वडिलांचे प्राण तिथेच वाचले. पण त्या दिवशी मला जे मिळाले ते बाजाराने दिले नव्हते आणि सरकारनेही दिले नव्हते. ज्याला मला काहीही विकायचे नव्हते अशा जाणत्या माणसाचा तो सल्ला होता. या मुद्द्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता बाजाराची बाजू प्रामाणिकपणे पाहू. आपला समाज व्यापारी-शेतकऱ्यांचा. बाजाराला नावे ठेवणे आपल्याला शोभणार नाही. ज्या दुकानाशेजारी दुसरे दुकान असते तिथे माप नीट मिळते, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९६२ साली अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी तर डॉक्टरांना शासनाने परवाना देण्याच्या पद्धतीलाच आक्षेप घेतला. परवान्यामुळे डॉक्टरांची संख्या मर्यादित राहते आणि सेवा महागते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो टोकाचा वाटला तरी त्यामागील विचार उडवून लावण्यासारखा नाही. स्पर्धेमुळे किमती उतरतात, नवे शोध लागतात, आणि रुग्णाला पर्याय असला की त्याच्याशी नीट बोलले जाते.

औषधांचे उदाहरण घ्या. एचआयव्हीवरील तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचा खर्च पाश्चात्त्य देशांत दर रुग्णामागे वर्षाला दहा ते बारा हजार डॉलर होता. २००१ साली डॉ. युसूफ हमीद यांच्या नेतृत्वाखालील सिप्ला या मुंबईच्या कंपनीने तोच उपचार एका सेवाभावी वैद्यकीय संघटनेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. आफ्रिकेतील असंख्य रुग्णांना त्यातून जीवनाची वाट मिळाली. हे खासगी उद्योगाचे काम होते, यात शंका नाही.

मात्र ते शक्य का झाले? १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला पेटंट देणे बंद केले. पेटंट मिळे ते केवळ तयार करण्याच्या पद्धतीला. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध तयार करायला अनेक कारखाने मोकळे झाले आणि त्यांच्यात स्पर्धा लागली. म्हणजे बाजाराचे हे यश एका सरकारी कायद्याच्या पोटी जन्मले. पुढे जागतिक व्यापार करारानुसार २००५ पासून आपल्याला औषधांवर पेटंट पुन्हा द्यावे लागले. तरी कायद्यात सक्तीच्या परवान्याची तरतूद राहिली. २०१२ साली मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील एका औषधासाठी ती प्रथमच वापरली गेली. दरमहा सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडणारे ते औषध ८,८८० रुपयांत देण्याची अट घालून दुसऱ्या उत्पादकाला परवाना मिळाला. बाजार आणि सरकार हे नेहमी शत्रू असतात असे जे समजतात, त्यांनी या इतिहासाकडे जरूर पाहावे.

औषधाच्या गोळीचे जे झाले ते उपचाराचे का होत नाही, याचे उत्तर केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञाने १९६३ सालच्या एका निबंधात दिले. पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या म्हणण्याचा आशय आपल्या भाषेत असा. धान्य घेताना आपण दाणा हातात घेऊन पाहतो. सोने घेताना कसोटी लावतो. उपचार घेताना मात्र काय हवे हे विकणारा ठरवतो, घेणाऱ्याला ते कळत नाही. आजार सांगून येत नाही, म्हणून चार दुकाने फिरायला वेळ नसतो. आणि उपचार चुकला तर माल परत करता येत नाही. अशा व्यवहारात भावाची कसोटी चालत नाही, विश्वासाची लागते. विश्वास मात्र बाजारात विकत मिळणारी वस्तू नाही.

विम्यानेही हा प्रश्न आपोआप सुटत नाही. ज्याला आजाराची भीती अधिक तोच विमा घेण्याची घाई करतो. म्हणून कंपनी हप्ता वाढवते. हप्ता वाढला की धडधाकट माणसे बाहेर पडतात आणि राहिलेल्यांचा हप्ता आणखी वाढतो. कंपनी निवड करू लागली तर ज्याला विम्याची खरी गरज आहे, तो मधुमेही वा हृदयरोगी वृद्धच दाराबाहेर राहतो. अमेरिकेत खासगी विम्याचा सर्वांत मोठा विस्तार आहे. तरीही वृद्ध आणि गरिबांसाठी १९६५ साली तेथील शासनाला मेडिकेअर व मेडिकेड या योजना सुरू कराव्या लागल्या. तो देश २०२३ साली आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे साडेसतरा टक्के भाग आरोग्यावर खर्च करत होता, आणि तरीही अडीच कोटींहून अधिक माणसे विम्याविना होती. खर्चाचा आकडा मोठा असला म्हणजे व्यवस्था सर्वांपर्यंत पोहोचतेच असे नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा.

आता सरकारची बाजू. स्वातंत्र्यापूर्वी १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९४६ साली आला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे त्या अहवालाचे मूळ तत्त्व होते. आज गावोगावी दिसणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना त्यातूनच वाढली. दोन वर्षांनी, ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनने करांच्या पैशातून चालणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. रुग्णाने दारात पैशांचा विचार करू नये, असा त्यामागे हेतू होता.

काही कामे तर सरकारवाचून होतच नाहीत. माझ्या मुलाने लस घेतली तर शेजारच्या मुलालाही संरक्षण मिळते. त्या संरक्षणाचे बिल मी शेजाऱ्याला पाठवू शकत नाही. म्हणून लसीकरण केवळ बाजारावर सोडले तर ते नेहमी अपुरे राहते. आपल्या देशातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला. पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्या, बसस्थानकांवरील बूथ, रेल्वेगाड्यांत थेंब पाजणारे स्वयंसेवक, हे सारे कोणत्याही कंपनीच्या नफ्यातोट्याच्या हिशोबात बसले नसते.

भावाच्या बाबतीतही शासनाला हस्तक्षेप करावा लागला. माझ्या वडिलांना बसवला तशा औषधलेपित स्टेंटसाठी पुढे अनेक वर्षे लाख-दीड लाख रुपये मोजावे लागत. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली. एका आदेशाने किंमत चौथ्या-पाचव्या हिश्शावर येऊ शकते, तर आधीची किंमत कोणत्या स्पर्धेने ठरली होती, असा प्रश्न पडतो. अर्थात दुसरी बाजूही घडली. काही कंपन्यांनी आपले वरच्या श्रेणीतील स्टेंट भारतातून मागे घेण्यासाठी अर्ज केले. भाव बांधला म्हणजे प्रश्न संपला असे होत नाही. एका जागी दाबले की दुसऱ्या जागी फुगते, हे व्यापाऱ्याला निराळे सांगायला नको.

सरकारच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले होते. २०२१-२२ साली, महासाथीच्या काळातही, तो १.८४ टक्केच होता. त्याच वर्षीच्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची गरजेच्या तुलनेत सुमारे ८० टक्के तूट होती. आपल्या राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार नि:शुल्क केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु यंत्र बंद असेल, तज्ज्ञाची जागा रिकामी असेल, तर नि:शुल्क या शब्दाचा रुग्णाला उपयोग काय? माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या पत्नीला प्रसूतीच्या वेळी एका सरकारी रुग्णालयातून रात्री अकरा वाजता पुढच्या गावी पाठवण्यात आले, कारण भूल देणारे डॉक्टर नव्हते. परिचारिकेने रुग्णवाहिका निघेपर्यंत तिचा हात सोडला नाही. माणसे वाईट नव्हती, व्यवस्था अपुरी होती. ब्रिटनसारख्या संपन्न देशाचीही यातून सुटका नाही. इंग्लंडमध्ये २०२३ साली उपचारांच्या प्रतीक्षायादीतील नोंदी ७५ लाखांच्या वर गेल्या होत्या. बाजारात गरिबाला पैशाने अडवले जाते, तर सरकारी व्यवस्थेत रांगेने.

आज आपल्या देशात या दोहोंचे मिश्रण आहे. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे ती राज्यभर पसरली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. तिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. २०२४ साली ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांना, उत्पन्न न पाहता, तिचा लाभ खुला झाला. पैसा सरकारचा, उपचार सरकारी वा खासगी रुग्णालयाचा आणि दर आधी ठरलेला, अशी ही रचना आहे. आरोग्यावरील एकूण खर्चात कुटुंबांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. हा बदल लहान नाही. पण शंभर रुपयांतले चाळीस रुपये अजूनही घरातून जातात, हेही विसरता येत नाही.

दुसरी सूचना मांडणाऱ्या मित्रांना मी इथे नम्रपणे एक गोष्ट सांगू इच्छितो. या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णांसाठी आहेत. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, मुलाचा ताप, आजीचा गुडघा, यांसाठी कोणी दाखल होत नाही. तो खर्च थोडा थोडा, पण दर महिन्याला होतो. गोळी परवडली नाही म्हणून ती बंद करणारा माणूस दोन वर्षांनी पक्षाघाताने दाखल होतो, तेव्हा मात्र पाच लाखांचे कार्ड चालते. ज्या आजाराला आपला दवाखाना दारातच थांबवू शकतो, त्याची वाट कार्डाने पाहावी, यात शहाणपण नाही. दहा रुपयांचा केसपेपर कालबाह्य झालेला नाही. कार्ड जिथे पोहोचत नाही, नेमके तिथेच तो उभा आहे.

आता पहिल्या सूचनेकडे वळतो, आणि त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ साली उभे राहिले, ते सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून आणि सरकारच्या सहभागातून. मुंबईचेच के. ई. एम. रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. त्यातील महाविद्यालयासाठी एका दानशूर व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातील पैसा होता आणि चालवण्याची जबाबदारी महापालिकेची होती. अध्यापक भारतीयच असावेत, ही अट देणगीदारांच्या बाजूने घातली गेली होती. आपल्या भागात मिरजेला १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशनचे रुग्णालय उघडले आणि मिरज हे वैद्यकीय केंद्र म्हणून वाढत गेले. म्हणजे या राज्यातील रुग्णसेवेच्या पायात दान आणि शासन दोन्ही आहेत. विश्वस्त संस्था ही बाजार आणि सरकार यांच्यामधली जुनी, प्रतिष्ठित जागा आहे.

तथापि ही जागा आपोआप पवित्र राहत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे. त्यातील कलम ४१ अअ अन्वये धर्मादाय रुग्णालयांवर गरिबांसाठी काही खाटा राखण्याचे बंधन आहे. तरीही त्याची नीट अंमलबजावणी व्हावी म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात न्यावे लागले. न्यायालयाने मंजूर केलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. शिवाय एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते.

बंधू-भगिनींनो, यावर क्षणभर विचार करा. दान म्हणून मिळालेली जमीन, करातील सवलत, विश्वस्त हे नाव, एवढे सगळे घेतलेल्या संस्थांना दहा खाटांपैकी एक गरिबासाठी ठेवा हे न्यायालयाने सांगावे लागले. दान घेताना आपण धर्मार्थ असतो आणि बिल करताना बाजार होतो, ही त्यातली लबाडी आहे. सगळ्या संस्था अशा नाहीत. पण आपली तशी होणार नाही याची हमी काय? जागा भाड्याने दिल्यानंतर दारावरची पाटी आपल्या पूर्वजांच्या नावाची राहील, आणि आत काउंटरवर अनामत रक्कम मागितली जाईल. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी शेताच्या बांधावरून येऊन पाच-पाच रुपये दिले, त्यांनी भाड्याच्या उत्पन्नासाठी दिले नव्हते. शिष्यवृत्ती हे उत्तम कार्य आहे, आणि त्यासाठी आपण अवश्य निराळा निधी उभारू. पण औषधदानाची जागा विकून ज्ञानदान करणे म्हणजे एका हाताचे कडे मोडून दुसऱ्या हाताची अंगठी घडवणे होय.

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दाने आपल्याला लहानपणापासून शिकवली जातात. वैयावृत्त्य, म्हणजे आजारी आणि थकलेल्याची सेवा, हे आपल्याकडे अभ्यंतर तपांत मोजले आहे. मला नेहमी वाटते की, रुग्णाच्या बाबतीत औषधदान आणि अभयदान वेगळे करता येत नाहीत. आजारी माणसाला रोगाची जितकी भीती वाटते, तितकीच आपण फसवले जाऊ याचीही वाटते. ती भीती घालवणे हेच त्याच्यासाठी मोठे औषध आहे.

विश्वस्त संस्था आधुनिक होऊ शकत नाहीत, हा समजही खरा नाही. मदुराईला १९७६ साली डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. ते एका विश्वस्त संस्थेमार्फत चालते. ज्यांना परवडते त्यांच्याकडून पैसे घ्यायचे आणि त्यातून ज्यांना परवडत नाही त्यांची शस्त्रक्रिया मोफत किंवा अल्प दरात करायची, हा त्यांचा शिरस्ता. परदेशी कृत्रिम भिंग महाग पडते म्हणून १९९२ साली त्यांनी स्वतःची भिंगे बनवण्याचा कारखाना काढला आणि किंमत मूळच्या लहानशा अंशावर आणली. काटकसर, शिस्त आणि हिशोब हे बाजाराचे गुण त्यांनी घेतले. नफा कोणाच्या खिशात जाणार, हा प्रश्न मात्र त्यांनी आधीच मिटवून टाकला होता. आपण अरविंद होणार नाही, तेवढे आपले बळ नाही. पण दिशा तीच ठेवता येईल.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी चार गोष्टी विचारार्थ ठेवतो. पहिली, दवाखाना चालू ठेवावा आणि त्यात रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांची नियमित नोंदवही सुरू करावी. कोणाची गोळी बंद झाली, हे महिन्याला कळले पाहिजे. दुसरी, जेनेरिक औषधांचे दुकान त्याच जागेत उघडावे. तिसरी, एक रुग्ण सहाय्य कक्ष सुरू करावा. आयुष्मान कार्ड काढून देणे, फुले योजनेत कोणते रुग्णालय बसते ते सांगणे, धर्मादाय खाटेसाठी अर्ज भरणे, बिल समजावून देणे, ही कामे निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी आणि आपल्या समाजातील सुशिक्षित भगिनी आठवड्यातून दोन तास देऊन सहज करू शकतील. समाजातील डॉक्टर मंडळींनी महिन्यातून एक दुपार दुसऱ्या सल्ल्यासाठी द्यावी. चौथी, दवाखान्याचे दर आणि वर्षाचा हिशोब दर्शनी भिंतीवर लावावा. इतरांकडून जी पारदर्शकता मागायची, तिची सुरुवात घरापासून व्हावी. आणि हे सर्व, जातीधर्माचा भेद न करता, आजवर होते तसेच सर्वांसाठी खुले असावे.

या कामांनी सरकारची जबाबदारी संपत नाही. खर्चाचा मोठा भार सर्वांनी मिळून, म्हणजे करांतून, उचलावा, हेच मला अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून योग्य वाटते, आणि तशी मागणी नागरिक म्हणून आपण करीत राहिले पाहिजे. तसेच जिथे वस्तू पारखता येते आणि विकणारे अनेक आहेत, तिथे बाजाराला मोकळे सोडावे. पण या दोघांच्यामध्ये गोंधळलेला रुग्ण उभा असतो, हातात रिपोर्ट आणि मनात भीती घेऊन. त्याला काहीही न विकता खरे सांगणारे कोणी तरी लागते. ती जागा विश्वस्त संस्थेची आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी त्या रात्रीनंतर मला ज्या आवाजाने धीर दिला, तो आपल्या दवाखान्यातील टेलिफोनवरून आला होता. तो टेलिफोन आज बंद आहे, पण ती खुर्ची, ते टेबल आणि ती खोली अजून आहे. पुढच्या पन्नास वर्षांत एखाद्या मुलाला आपल्या वडिलांसाठी तसाच फोन करावासा वाटला, तर त्या फोनला उत्तर देणारे कोणी तिथे असावे, एवढीच माझी विनंती आहे.

 माझ्या बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमस्व.

जय जिनेंद्र.